राजेगावचा वसंत: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कुणासाठी?

फ्रान्समधल्या खेड्यातला ईस्टर तुम्ही चित्रांत पाहिलेला असतो. दगडी चर्च, खिडकीत फुलांच्या कुंड्या, बागेत चॉकलेटची अंडी शोधणारी पोरं. तिथल्या लहानग्यांना सांगतात की, गुड फ्रायडेच्या सुमारास चर्चच्या घंटा उडून रोमला जातात, म्हणून वाजत नाहीत. ईस्टरच्या सकाळी परतताना त्या वाटेत अंडी टाकत येतात. आपणही असा वसंत एकदा अनुभवावा असं ज्यांना वाटतं, पण पासपोर्ट नाही आणि रजाही मोजकीच आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

गोंदियाहून बालाघाटचा रस्ता धरा. वाटेत बाघ नदी लागते, तीच पुढे वैनगंगेला मिळते. तिच्या काठचं राजेगाव मध्य प्रदेशात येतं. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकींना हे कुणी कळवलं नाही, त्यामुळे त्या अजून दोन्ही काठांवर जुळतात.

सुरुवातीलाच एक नियम पाठ करा: इथे वसंत बघायला कुणी बोलावत नाही, कामाला बोलावतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमातूनच निघाल्या आहेत.

साहित्य

टोपली 1. टॉर्च 1. जुनं धोतर किंवा लुगडं 1, फाटकं चालेल. फेकून द्यायच्या लायकीचा सदरा 1. चुलत-मावस नात्यातलं का होईना, गावातलं एक घर. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही आणि तिच्यावाचून बाकीच्यांचा उपयोग नाही. गावात शिरताच पहिला प्रश्न येतो, “कोनाकडं आले जी?” याला “वसंत बघायला” हे उत्तर नाही. घराचं नाव सांगा. समोरचा तुम्हाला तिथे नेऊन सोडेल आणि वाटेत तुमची सगळी वंशावळ काढून घेईल.

पायरी 1: आधी महिना ठरवा

वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, हे शाळेत पाठ केलंत. आता ते विसरा, कारण या भागात चैत्र दोनदा सुरू होतो.

एकाच घरात एका भिंतीवर ‘कालनिर्णय’ आणि दुसऱ्या भिंतीवर जबलपूरचं ‘लाला रामस्वरूप’ असं दृश्य दिसलं तर चक्रावू नका. महाराष्ट्राचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून होळी जळाली की दुसऱ्या दिवशी ‘लाला रामस्वरूप’च्या भिंतीवर चैत्र लागतो आणि ‘कालनिर्णय’च्या भिंतीवर अजून पंधरवडाभर फाल्गुनच असतो. पाडव्याला दोन्ही भिंतींचं जमतं. त्यातही गंमत अशी की, उत्तरेच्या हिशेबात चैत्र महिना होळीनंतर लगेच लागत असला, तरी नवं वर्ष लागतं पंधरा दिवसांनी, शुक्ल प्रतिपदेला. म्हणजे वर्षाचा पहिला महिना अर्धा जुन्या वर्षात आणि अर्धा नव्या वर्षात. का, असं विचारू नका. शहाणी माणसं दोन्ही कॅलेंडरं बघतात आणि सुट्टी जिच्यात असेल ती तिथी मानतात.

ईस्टर कधी, हे काढणं त्या मानाने सोपं. तो सगळीकडे एकाच रविवारी पाळावा, असं 325 साली निकियाच्या धर्मपरिषदेत ठरलं. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा त्याचा हिशेब. राजेगावच्या भाषेत सांगायचं तर हनुमान जयंती झाली की येणारा रविवार. 2025 साली 12 एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि 20 एप्रिलला ईस्टर. (13 तारीखही रविवारच होती, पण चर्चच्या हिशेबात पौर्णिमा त्याच दिवशी पडली, म्हणून पुढचा रविवार धरला.) अधिक महिना मध्ये आला की हे सूत्र बिघडतं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे 2024 ची होळी 24 मार्चपर्यंत लांबली आणि 31 तारखेचा ईस्टर थेट होळीच्या पुढच्या रविवारी येऊन बसला. तात्पर्य, ख्रिस्ती पंचांग आणि आपलं पंचांग एकाच चंद्राच्या मागे धावतात; दमतात वेगवेगळ्या ठिकाणी.

पायरी 2: होळीआधी खाट आत घ्या

होळीच्या आधी आठवडाभर घरातली लहान मुलं शेणाच्या चाकोल्या थापतात. चाकोली म्हणजे मध्ये भोक असलेली लहान, चपटी गोवरी. ती वाळली की सुतळीत ओवून माळ करतात आणि होळीच्या संध्याकाळी आगीत टाकतात. नवशिक्याने चाकोल्या थापायला बसावं. भोक मधोमध पडत नाही. पोरं हसतात. हसू द्या, प्रवेश फी तीच आहे.

मोठ्या पोरांचं काम वेगळं, लाकडं जमवणं. कुणाची, हे विचारायचं नसतं. अंगणातली खाट, मोडकं फाटक, बैलगाडीचं जुनं जू, जे रात्री उघड्यावर राहील ते सकाळी होळीच्या मालकीचं. तक्रार करायला जाल तर ऐकणाऱ्याने लहानपणी तेच केलेलं असतं.

पुण्या-नाशिककडच्या वाचकांसाठी सूचना: रंग दुसऱ्याच दिवशी खेळतात. रंगपंचमीची वाट बघत बसलात तर पाच दिवस कोरडे राहाल. फेकायचा सदरा इथे कामी येतो. पळसाच्या फुलांचा रंग करायचा असेल तर फुलं आदल्या दिवशीच पाण्यात टाकून उकळावी लागतात. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, ही म्हण तेवढी या दिवसांत वापरू नका. पळस फुलतो तेव्हा त्याला एकही पान नसतं.

पायरी 3: मोह वेचा (मुख्य धडा)

फ्रान्समधल्या मुलाला ईस्टरच्या एका सकाळी अंडी सापडतात. राजेगावकडच्या मुलाला मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत रोज पहाटे मोह सापडतो. फरक इतकाच की, अंडं सापडलं की ते खातात, मोह सापडला की तो वाळवून विकतात.

मोहाचं फूल रात्री उशिरा गळायला लागतं आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतं. म्हणून पहाटे चारला उठायचं. “थोडं उजाडू दे” म्हणालात तर तोवर गुरं आणि रानातली हरणं त्यांचा वाटा उचलून गेलेली असतात. जंगलालगतच्या झाडाखाली अस्वलही येतं आणि ते रांगेत उभं राहत नाही. एकटं जाऊ नका, बोलत जा, टॉर्च मारत जा. हा विनोद नाही. मोहाच्या दिवसांत या पट्ट्यात अस्वलाने माणसाला फाडल्याच्या घटना घडतात.

झाडाखाली बसा. उकिडवं. फूल बघा: फिकट पिवळसर, द्राक्षाएवढं, मांसल, आतून पोकळ, खाली पडतानाच देठापासून सुटलेलं. चिमटीत धरलं की रस सुटतो आणि पाच मिनिटांत बोटं एकमेकांना चिकटतात. वास गोड आणि जड, पहिल्यांदा हुंगणाऱ्याला जरा घेरी येईल असा. दोन फुलं तोंडात टाकायला हरकत नाही. मूठभर टाकलीत तर दिवसभर पोटाची दया येईल.

आता मालकीचा प्रश्न. मोहाचं झाड बांधावर असो की रानात, त्याला मालक असतो. त्याचं नाव नदीपलीकडच्या सातबाऱ्यावर सापडणार नाही, अलीकडच्या खसऱ्यातही नाही. पण हे झाड कुणाच्या आजीने वेचलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. चुकून दुसऱ्याच्या झाडाखाली बसलात तर कुणी ओरडणार नाही. फक्त कुणी तरी येऊन शेजारी उभं राहील आणि “पान्याचा काही नेम नाही औंदा” असं म्हणेल. तेवढ्यावर उठायचं.

झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करायची जुनी रीत आहे, म्हणजे फूल दिसतं. हे करू नका. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे याच आगीतून लागतात. त्याऐवजी खराटा घ्या किंवा साहित्यातलं जुनं लुगडं अंथरा. फुलं आपोआप त्यावर पडतील आणि तुमची कंबर वाचेल.

घरी आणलेली फुलं अंगणात पसरतात. तीन-चार दिवसांच्या कडक उन्हात ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि सकाळी जी टोपली उचलताना पाठ बोलत होती, तिचं वजन बघता बघता उतरतं. नवशिक्याला हे दुःख होतंच. व्यापारी मात्र वाळलेलाच मोह घेतो. वाळलेल्या मोहाचं काय होतं, असं शहरातला माणूस डोळा मिचकावून विचारतो. दारू होते, हे खरं. पण तो भाजून, तिळाबरोबर कुटून लाडूही होतात, गुरांनाही घालतात, आणि धानाचं पीक बुडालेल्या वर्षी घराला तगवणारा पैसाही त्यातूनच येतो. डोळा मिचकावण्याआधी ही यादी वाचा.

एक बारीक अडचण: मध्य प्रदेशातल्या शाळांचं नवं सत्र 1 एप्रिलला सुरू होतं, मोह ऐन भरात असताना. पहिल्या तासाला चिकट बोटांनी पेन्सिल धरणारा मुलगा दिसला तर त्याला “हात धुतले का” असं विचारू नका. धुतलेत. दोनदा.

पायरी 4: एका दाराशी गुढी, दुसऱ्या घरात जवारे

शुक्ल प्रतिपदेला मराठी घरात गुढी उभी राहते. कडुलिंब, साखरगाठी, पालथा गडू, सगळं तुमच्या ओळखीचं. नदीपलीकडे विदर्भात त्याच दिवशी सालगड्याचं नवं साल ठरतं. बोलणी जमली की गडी राहतो, नाहीतर दुसऱ्या घरी जातो. पाडव्याचा मुहूर्त तिथे सोनं घ्यायला नव्हे, माणूस राखायला लागतो.

शेजारच्या घरात त्या दिवशी जवारे पेरतात. टोपलीत माती आणि शेणखत, त्यात गहू, खोली अंधारी, दिवा अखंड, रोज पाण्याचा शिपका. ऊन न लागल्यामुळे कोंब हिरवे न होता पोपटी-पिवळे निघतात. नऊ दिवस देवीची जसगीतं चालतात आणि रामनवमीच्या सुमारास बाया जवाऱ्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन पाण्याकडे निघतात. नवशिक्याला इथे काम मिळेलच असं नाही. मिळालं तर ते पाणी आणण्याचं असेल. आणा.

पायरी 5: जेवायला बसा, नाही म्हणू नका

पोवार समाजाच्या घरी सणाला सुवारी आणि बडा असतो. भात चिन्नोरचा मिळाला तर तुमचं नशीब. बालाघाटच्या या सुगंधी तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्यांदा वाढताना “पुरे” म्हणालात तर ते ऐकलं जात नाही, तिसऱ्यांदा म्हणालात तर मनाला लावून घेतलं जातं. जेवणानंतर घाईने उठू नका. गावातल्या खऱ्या बातम्या हात धुतल्यावर सुरू होतात.

नेहमीचे प्रश्न

*फोटो काढू का?* टोपली भरल्यावर.

*खराखुरा ईस्टर मराठीतून कुठे बघायला मिळेल?* वसईत. तिथल्या कॅथलिक गावांत मिस्सा मराठीतून होते. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर आग पेटवतात, तिच्यावरून मोठी मेणबत्ती पेटवतात आणि मग अंधाऱ्या चर्चमध्ये हातोहात उजेड पसरतो. चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या रात्री संपतो. होळी पाहिलेल्याला यात परकं काही वाटणार नाही. तिथेही आधी कामाला लागा, खुर्च्या मांडायच्या असतातच.

*वसंत संपला हे कसं ओळखायचं?* मोहाला तांबूस कोवळी पालवी फुटली आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेनासं झालं, की संपला.

स्वतःची परीक्षा घ्या

1. पहाटे चारला दार वाजलं. तुम्ही (अ) कूस बदलता, (आ) टोपली शोधता.
2. शेजारी येऊन कुणी पावसापाण्याचं बोलू लागलं. तुम्ही (अ) हवामानावर मत देता, (आ) झाड बदलता.
3. आज कोणता महिना? (अ) एकच उत्तर देता, (आ) “कोणत्या भिंतीवरचा?” असं विचारता.

तिन्ही उत्तरं (आ) आली तर पुढच्या वर्षी ही मार्गदर्शिका दुसऱ्या कुणाला द्या. तिन्ही (अ) आली तरी खचू नका. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पन्नास पानांची एक गड्डी बांधायची, सगळी पानं सारखी, छिद्र नसलेली. तिथे नवशिके नेहमीच कमी पडतात.