शब्दसंचयी

पुण्याच्या सदाशिव आणि नवी पेठेतील अभ्यासिकांत, म्हणजे महिन्याच्या भाड्यावर एक खुर्ची, अर्धे टेबल आणि मोबाईल चार्ज करण्याची सोय पुरवणाऱ्या खोल्यांत, स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांचे जे नाना प्रकार नांदतात, त्यांत इंग्रजीतील अवघड शब्द जमवणाऱ्याची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते. त्याला सोयीसाठी शब्दसंचयी म्हणता येईल. त्याच्यापाशी एक लांबट वही असते, तीन रंगांचे हायलायटर असतात आणि रोजचे एक इंग्रजी दैनिक असते. त्या दैनिकाचा अग्रलेख तो इतक्या निष्ठेने रंगवतो की अखेरीस न रंगवलेली वाक्येच उठून दिसतात. अग्रलेख कशावर होता, हे विचारणे मात्र गैर ठरते. तिसऱ्या परिच्छेदात ‘इग्रीजियस’ म्हणजे ‘घोर’ या अर्थाचे विशेषण सापडले, एवढे तो सांगू शकतो. घोर काय घडले, हा त्याच्या अभ्यासक्रमाबाहेरचा भाग असतो.

त्याचा आधारग्रंथ म्हणजे अप्पा बळवंत चौकातून घेतलेले, १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. ग्रीक आणि लॅटिन धातूंवरून शब्दांची कुळे लावून दाखवणारे हे पुस्तक खरोखर चांगले आहे, आणि शब्दसंचयीच्या हातून त्याचे जे होते त्याचा दोष लेखकाकडे जात नाही. ग्रंथाच्या आरंभी माणसांच्या स्वभावांविषयीचे शब्द येतात, मग डॉक्टरांच्या शाखांविषयीचे. शत्रूचा पाणउतारा करण्याचे शब्द बरेच पुढे आणि मित्रांची स्तुती करण्याचे त्याच्याही पुढे. बहुतेक प्रतींत पेन्सिलीच्या खुणा डॉक्टरांपाशी थांबलेल्या दिसतात. परिणामी मनुष्यद्वेष्ट्यासाठी ‘मिसॅन्थ्रोप’ आणि अंतर्मुख-बहिर्मुख अशा मिश्र स्वभावासाठी ‘ॲम्बिव्हर्ट’ हे शब्द त्याच्या जिभेवर असतात, पण शेजारच्या खुर्चीवरचा मित्र पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला की तो ‘व्हेरी व्हेरी गुड’ म्हणून मोकळा होतो.

या परिश्रमांची परीक्षेला कितपत गरज आहे, हेही पाहण्यासारखे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील इंग्रजीची सक्तीची प्रश्नपत्रिका ३०० गुणांची असून तिचा दर्जा दहावीचा असतो. तिच्यात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले की पुरे, आणि तेही गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. उरलेल्या प्रश्नपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे, आणि शब्दसंचयी ती घेतोही. मायकेल वेस्ट या इंग्रजीच्या अध्यापकाने, ज्याने ढाक्यात बरीच वर्षे काम केले होते, १९५३ साली सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुराचा चार पंचमांशाच्या आसपास भाग तेवढ्याच शब्दकुळांनी व्यापलेला असतो, असे मानले जाते. शब्दसंचयीची वही नेमकी उरलेल्या पंचमांशाने भरलेली असते. एखाद्या परप्रांतीय प्रवाशाने स्वारगेटचा रस्ता विचारला की काम वेस्टच्या यादीशी पडते, आणि मग ‘स्ट्रेट, देन लेफ्ट’ एवढे बोलून तो पुढचे हाताने दाखवतो.

मराठी श्रोत्यांसमोर मात्र त्याच्या वाणीला बहर येतो. मेसमध्ये तो भाजीला ‘इन्सिपिड’, म्हणजे बेचव, म्हणतो, आणि वाढणाऱ्या काकू शब्द न कळताही मिठाची बरणी पुढे सरकवतात. हे शब्द त्याने डोळ्यांनी मिळवलेले असून कानांनी कधी ऐकलेले नसतात. ‘एपिटमी’ला तो ‘एपिटोम’ आणि ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ म्हणतो, आणि अभ्यासिकेतील इतरांचाही उच्चार तोच असल्यामुळे व्यवहार अडत नाही.

खासदार शशी थरूर हे या पंथाचे आराध्यदैवत होय. २०१७ साली त्यांनी ‘फरागो’, म्हणजे निरनिराळ्या गोष्टींचा गोंधळलेला खिचडा, हा शब्द एका ट्विटमध्ये वापरला आणि देशभर शब्दकोश उघडले गेले. पुढच्या वर्षी आपल्या नव्या पुस्तकाची घोषणा करताना त्यांनी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरांचा शब्द पुढे केला, ज्याचा अर्थ एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे असा होतो. तो शब्द न अडखळता म्हणता येणे ही तेव्हापासून या पंथाची दीक्षा मानली जाते. थरूर यांना त्या शब्दाखेरीज आणखी काही सांगायचे असते, ही बाब पंथाने विचारात घेतलेली नाही.

गावाकडे त्याच्या विद्वत्तेची परीक्षा वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर होते. ट्रॅक्टरच्या कर्जाविषयी बँकेचे इंग्रजी पत्र आले की वडील ते त्याच्यापुढे ठेवतात. त्यात ‘हायपोथिकेशन’ हा शब्द असतो, जो वहीत नसतो. तो त्याचे ग्रीक मूळ शोधू लागतो, तोवर वडील सांगून टाकतात, ‘म्हणजे ट्रॅक्टर आपल्या दारात आन् बोजा बँकेचा.’ व्याख्या बिनचूक असते, कारण वस्तूचा ताबा कर्जदाराकडे ठेवून तिच्यावर धनकोचा हक्क निर्माण करणे यालाच ती संज्ञा आहे, आणि वडिलांनी तो शब्द हप्ते भरून शिकलेला असतो.

परीक्षेच्या संधी संपल्यावर शब्दसंचयी बहुधा त्याच पेठेत इंग्रजी शब्दसंग्रहाचा क्लास काढतो. पहिल्या दिवशी तो फळ्यावर तो २९ अक्षरी शब्द लिहितो, मुले वह्या उघडतात, आणि वर्गाला काही क्षण धन्यता वाटते. फी किती, हप्ते किती आणि भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे मात्र तो स्वच्छ मराठीत सांगतो, कारण त्या बाबतीत कोणाचाही गैरसमज झालेला त्याला परवडत नाही.