जंतांवर खापर फोडू नका

मराठा सरदार पवारांबरोबर माळव्यात आलेली धार-देवासची मराठी घरं आता बोलण्यात निम्मी हिंदी झाली. पण पोरगं झोपेत दात खाऊ लागलं की आजीचं बोलणं अस्सल मराठीच: ‘‘सूनबाई, जंत झालेत त्याला. वावडिंग दे.’’

आजींची काळजी खरी, निदान चुकीचं. जंतांमुळे मूल दात खातं, याला भक्कम पुरावा नाही. जंताची गोळी पोराला जरूर द्या, शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल फुकट मिळते. पण ती जंतांसाठी. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. बघायचं ते वेगळंच: पोर तोंड उघडं टाकून झोपतं का, घोरतं का, सकाळी उठल्यावर चिडचिडं असतं का. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून टॉन्सिल तपासून घ्या.

मोठ्यांचं तर कुणी विचारतही नाही. कॅनडातल्या १९९४च्या पाहणीत सुमारे ८ टक्के प्रौढांनी झोपेत दात खात असल्याचं सांगितलं होतं. साठीपुढे प्रमाण ३ टक्क्यांवर येतं. तोच ८ टक्क्यांचा हिशेब देवास शहराला लावा. २०११च्या जनगणनेत इथे २ लाख ८९ हजार माणसं होती. त्यांतले फक्त प्रौढ धरले तरी पंधरा हजारांच्या आसपास जबडे रात्री चालू. हिशेब ढोबळ आहे, पण दुर्लक्ष करावं एवढा लहान नाही.

आरशासमोर उभं राहून सुळे बघा. टोक जाऊन ते सपाट झालेत का? दाढांच्या माथ्यावर पिवळसर खळगे पडलेत का? गालाच्या मागच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून दात आवळा. तिथला स्नायू गाठीसारखा फुगतो का, सकाळी तिथेच ठणकतं का? या सगळ्या झिजेच्या आणि ताणाच्या खुणा. झोप क्षणभर उथळ होते, नाडी वाढते आणि चावण्याचे स्नायू तालात आवळले जातात, असा हा झोपेत दात खाण्याचा प्रकार आहे. दात वेडेवाकडे आहेत म्हणून माणूस दात खातो, ही जुनी समजूत आता मागे पडली. म्हणून ‘‘दात थोडे घासून सारखे करू, मग थांबेल’’ असं कुणी म्हणालं तर हात जोडून खुर्चीवरून उठा. घासलेलं एनॅमल परत येत नाही.

मग नाइट गार्ड? घ्या, पण तो काय करतो ते समजून घ्या. दातांचं माप, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर कडक अ‍ॅक्रिलिकची पट्टी, मग तोंडात बसवून निळ्या कागदाने उंचवटे बघायचे आणि ते पट्टीचे घासायचे, दातांचे नव्हे. ही पट्टी झीज स्वतःवर घेते. दात खाणं ती थांबवत नाही. गरम पाण्यात धुतली तर वाकडी होते. जबड्यात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याने चावण्याचा जोर काही महिने कमी होतो, मूळ कारण जागच्या जागी राहतं.

मला राग येतो तो पट्टीचे पैसे घेऊन एकही प्रश्न न विचारणाऱ्यांचा. घोरता का? झोपेत श्वास अडकतो का? तंबाखू, रात्रीची दारू, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी किती? नैराश्यावरची गोळी चालू आहे का? सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रामसारख्या औषधांनी काहींचं दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. (गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्यालाच सांगा.) देवासच्या कारखान्यांत आणि धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात पाळ्या बदलत राबणाऱ्यांना झोपेबद्दल विचारणं तर सक्तीचंच हवं.

धारला आणखी एक दुखणं आहे. जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर डाग येतात, आणि त्रास तीव्र असेल तर एनॅमल खड्डे पडून ठिसूळ होतं. असा दात रात्रीच्या घर्षणाने लवकर तुटतो. तिथे नुसती पट्टी पुरणार नाही. गावाला चांगलं पाणी मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे.

इंदूरचं शासकीय दंत महाविद्यालय धार आणि देवास, दोन्हींना जवळ आहे. तिथे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. रात्री काय आवाज येतो, श्वास किती वेळ थांबतो, हे तेच सांगू शकतं.