कळमन्यात आभाराची साथ!

ऐकलं का भाऊ? नाव कोणाचं घेत नाही, उद्या यार्डात तोंड दाखवायचं आहे. पण कळमन्याच्या संत्रा मार्केटमधले एक अडते लिलावाआधी गादीवर बसून म्हणे आभाराची वही लिहितात! टनाचा भाव नाही, उधारी नाही. 'हे विश्वा, आंबिया बहर आला, धन्यवाद.' मिरचीवाले शेठ तर त्याहून बिघडले. पोती ओतली की आजूबाजूचे सगळे शिंकतात, आणि हे डोळे पुसत लिहितात, 'ठसक्याबद्दल आभार.' बाप्पा बाप्पा, काय दिवस आले!

हे खूळ आणलं कोणी? केली चौकशी. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचेक चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ही पोरं खूश निघाली, व्यायामही जास्त करू लागली. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की बाईंना दिसलं, की आठवड्यातून एकदा लिहिलं तर गुण येतो, तीनदा लिहिलं तर नाही. आणि आमचे शेठ? सकाळ-संध्याकाळ! फुकटचा माल दिसला की जास्तच उचलायचा, जुनी खोड.

जणू आपल्याकडे आधी काही नव्हतंच! बोहनीची नोट कपाळाला लागतेच ना? हिशेबाच्या वहीला पाय लागला तर हात जोडतोच ना? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर ज्यावर जू होतं, तोच खांदा हळद-तुपानं शेकायचा. विश्वाचा नाही, बैलाचा. तोही दुखतो तिथेच.

पण खरा कहर पुढे आहे. मार्टिन सेलिगमन आणि मंडळींनी २००५ मध्ये असे बरेच उपाय तपासले. पहिल्याच झटक्यात सगळ्यात जास्त गुण कशाचा आला? ज्याचे आभार मानायचे राहून गेले, त्याला पत्र लिहून स्वतः नेऊन देण्याचा. असर महिनाभर टिकला. स्वतः जाऊन, भाऊ! म्हणजे शेठनं गादीवरून उठायचं, क्रेट वाहणाऱ्या हमालासमोर जायचं आणि 'तुझ्या खांद्यावर माझा धंदा चालतो' म्हणायचं? शोभतं का हे? त्यापेक्षा विश्व बरं. त्याला कितीही धन्यवाद द्या, ते उलटून विचारत नाही, 'शेठ, मग हमालीचे दर कधी वाढवता?'