सभ्य सावकार

कळमन्याच्या मार्केट यार्डात दोन गोष्टींनी डोळ्यांत पाणी येतं: लाल मिरचीचा ढीग आणि अडत्याची वही. वही तशी साधी असते. नाव, रक्कम, तारीख. थकलं की अडत्या चारचौघांत हाक मारतो, "काय भाऊ, दिसत नाही आजकाल?"

क्रेडिट कार्ड असं बोलत नाही, ते सभ्य. थकलं तर 'किमान रक्कम' भरा म्हणतं, म्हणजे बहुधा पाचेक टक्के. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास गुपचूप लावतं. वर्षाचे झाले 42! शिवाय बिनव्याजी मुदत गेली. आज प्यालेल्या चहालाही आजपासून व्याज.

आपल्याकडे 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. बदनाम मात्र तोच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डांना 30 टक्क्यांची वेसण घातली होती. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही काढली.

आणि आपण कार्ड निवडतो कशावरून? विमानतळाच्या लाउंजात फुकट पोहे मिळतात म्हणून. तेही बिनतर्रीचे!

एक नियम तेवढा लक्षात ठेवा. कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये तिने तुम्हाला द्यायचे. अट एकच, थकबाकी शून्य हवी.