गुत्सीवाला

उत्तर इटलीत, त्यातही मिलान ते कोमो सरोवर या पट्ट्यात, अनोळखी माणसाशी खुशाल बोलावं. हवापाणी, फुटबॉल, सरकार, घरभाडं, कुठूनही सुरुवात करा. समोरचा दोन मिनिटांत मोकळा होतो आणि पाचव्या मिनिटाला तुम्हालाही मोकळं करतो. पथ्य एकच. कॅफेच्या दारात जुन्या वळणाची, दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर काढून उभी असलेली मोटारसायकल दिसली आणि तिच्याजवळ पन्नाशीचे एक गृहस्थ कॉफीचा रिकामा कप घेऊन उगाच रेंगाळत असले, तर "गाडी कुठली हो?" हा प्रश्न तोंडातून निघू द्यायचा नाही. विचारलात, तर दुपारचं जेवण बुडालं म्हणून समजा.

हा गुत्सीवाला. मोतो गुत्सीचा, आणि बहुधा व्ही 7 या मॉडेलचा मालक. अंगात मेणकापडाचं जाकीट, जे विकत घेतानाच जुनं दिसत होतं. डोक्यावर तोंड उघडं राहील असं हेल्मेट, कारण बंद हेल्मेटमधून बोललेलं लोकांना नीट ऐकू येत नाही. मिशी असलीच तर जोपासलेली, नसली तर विचाराधीन. वरच्या खिशात चष्मा, आतल्या खिशात फीलर गेज.

याला मोटारसायकल चालवण्याचा शौक आहे, असा त्याच्या नातेवाइकांचा समज आहे. तसं काही नाही. चालवणारे पैशाला पासरी आहेत. याला शौक आहे तो गाडी समजावून सांगण्याचा. रस्ता त्याला थोडा पुरतो, श्रोता मात्र भरपूर लागतो.

म्हणूनच तो गाडी सुरू करतो, पण निघत नाही. न्यूट्रलमध्येच मूठ पिळतो. गाडी उभ्या जागी उजवीकडे झुकते. मूठ सोडली की सरळ. पुन्हा पिळतो, पुन्हा झुकते. या वेळी त्याचं लक्ष गाडीकडे नसतं, तुमचं लक्ष आहे की नाही याकडे असतं. तुम्ही बापडे काळजीने म्हणता, "काही ढिलं झालंय का?"

झालं! तो इंजिन बंद करतो आणि हातमोजे काढतो. हातमोजे काढले की अर्ध्या तासाची निश्चिंती. बहुतेक मोटारसायकलींचा क्रँकशाफ्ट आडवा, गुत्सीचा मात्र गाडीच्या लांबीत. तो एका दिशेला जोरात फिरू लागला की बाकीची गाडी उलट दिशेला ढकलली जाणारच. न्यूटनचा तिसरा नियम! हा नियम तो इतक्या आपलेपणाने सांगतो, की न्यूटन गुत्सीच्या मांदेल्लोच्या कारखान्यातूनच निवृत्त झाला असावा असं वाटतं. मग तो तुमच्या खांद्यावर हात ठेवून निकाल देतो, "हा बिघाड नाही. हा स्वभाव आहे."

स्वभाव या एका सदरात या गाडीचं काय काय जमा आहे, ते ऐकण्यासारखं आहे. 2021 मध्ये आलेल्या व्ही 7 चं इंजिन 853 सीसीचं, ताकद 65 अश्वशक्ती. जपानी गाड्या 700 सीसीच्या आतबाहेर राहून सहज सत्तरी ओलांडतात. हे कुणी पोरगेलेसं बोलून गेलं, तर गुत्सीवाला चिडत नाही. क्षणभर डोळे मिटतो आणि म्हणतो, "घोडे किती हे मोजू नये. कुठल्या पागेतले ते बघावं."

गुडघ्यांचंही तेच. दोन्ही सिलिंडर बरोबर गुडघ्यांसमोर येतात. उंच माणसाला पाय कुठे ठेवू असं होतं आणि ठेवले तिथे ते शेकतात. तक्रारी कंपनीच्या कानावर गेल्या असाव्यात, कारण पुढच्या, व्ही 7 दोन या मॉडेलात इंजिन जरा पुढे कलवून खाली घेतलं. गुत्सीवाल्याकडे अर्थातच त्याच्या आधीचं मॉडेल आहे. "जानेवारीत माझे गुडघे ऊबदार असतात. सुधारित मॉडेलवाल्यांना त्यांचे विचार."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्ये पहाटे निघावं."

सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मोठ्या गुत्सींमध्ये तर ऑइल फिल्टर थेट इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या तबकाच्या आत बसवला आहे. तो बदलायचा तर अख्खं तबक उतरवावं लागतं. दुसऱ्या कुठल्या गाडीत असं असतं, तर याने त्या इंजिनिअरचा उद्धार केला असता. इथे म्हणतो, "त्या निमित्ताने तळ स्वच्छ होतो!" दुसऱ्याच्या गाडीत जी गैरसोय, ती आपल्या गाडीत शिस्त.

बरं, हा माणूस नुसता बोलघेवडा आहे म्हणावं, तर तसंही नाही. शनिवारी सकाळी तो इमारतीच्या आवारात वर्तमानपत्र अंथरतो आणि टॅपेट सेट करायला बसतो. इंजिन रात्रभर थंड झालेलं. डावीकडचं झाकण चार बोल्ट काढून उतरलं, की सगळा कारभार उघड्यावर. यासाठी टाकी काढायला नको की प्लॅस्टिक सोलायला नको. सिलिंडर बाहेर काढून ठेवण्याचा हा खरा फायदा. इनटेकच्या झडपेची फट 0.15 मिलिमीटर, एक्झॉस्टची 0.20. फीलर गेजची पातळ पाती तो फटीत सरकवतो आणि तुमच्या बोटांत देतो. "ओढून बघ. सैल नको, घट्ट नको. जराशी ओढ लागली पाहिजे. लागली?" लागते खरी. तेलकट पातीची ती किंचित ओढ बोटांना कळते आणि आपल्याला यंत्रातलं काहीतरी समजलं असं आयुष्यात प्रथमच वाटतं. काम तासाभराचंही नाही. पण भाजी घेऊन येणारी बाई, कुरियरचा मुलगा, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांच्या हातून पाती फिरवून होईपर्यंत बारा वाजतात. न्यायाधीशांना ओढ लागली नाही, तेव्हा त्यांना पुन्हा संधी देण्यात आली.

इतिहासाचा तास कॅफेत भरतो. पहिल्या महायुद्धात इटलीच्या नौदलाच्या विमानदलात तीन दोस्त जमले: कार्लो गुत्सी यंत्रातला, जॉर्जो पारोदी पैशातला आणि जोव्हान्नी राव्हेल्ली शर्यतीतला. युद्ध संपलं की मोटारसायकली काढायच्या असं ठरलं. राव्हेल्ली 1919 मध्ये विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी त्याच्या आठवणीसाठी वैमानिकांचा गरुड टाकीवर बसवला, तो आजही तिथे आहे. इथपर्यंत सांगताना गुत्सीवाल्याचा आवाज खाली गेलेला असतो. तो लगेच वर येतो, कारण आता जॉर्जोच्या वडिलांचं पत्र. वडील जेनोआचे जहाजमालक. पोराने पैसे मागितल्यावर त्यांनी 1919 च्या जानेवारीत कळवलं, की पहिल्या प्रयोगाला 1500 ते 2000 लिरा देतो, पण त्यावर एक छदाम मागायचा नाही आणि पुढचा पाठिंबा मी स्वतः आराखडा पाहिल्यावर. जगातला कुठलाही व्यापारी बाप याहून वेगळं लिहिणार नाही. 15 मार्च 1921 ला कंपनी उभी राहिली. गुत्सीवाला हे पत्र असं सांगतो, की लिफाफा यानेच फोडला होता. त्याची बायको शेजारच्या टेबलावर शब्दकोडं सोडवत असते. त्याचं एखादं साल चुकलं, तर मान वर न करता दुरुस्त करते. टॅपेटही ती त्याच्यापेक्षा लवकर सेट करते, पण गप्प राहून. त्यामुळे ती गुत्सीवाली ठरत नाही.

या पंथात वरकरणी बंधुभाव आहे आणि आत कडक उतरंड आहे. 1967 ची मूळ व्ही 7 ही 703 सीसीची, पोलीस आणि सरकारी खात्यांना नजरेसमोर ठेवून बांधलेली. तिच्या दणकट इंजिनाचा जनक जूलियो चेझारे कारकानो. याच माणसाने 1955 मध्ये 500 सीसीच्या शर्यतीच्या गाडीत आठ सिलिंडर बसवले होते, त्यामुळे त्याचं नाव हेल्मेट काढूनच घ्यायचं. पुढे सत्तरच्या दशकात लीनो तोंती याने आटोपशीर गाड्यांसाठी लहान इंजिन केलं. 2008 मध्ये व्ही 7 हे नाव पुन्हा बाजारात आलं, ते या लहान इंजिनाच्या वंशावर. म्हणजे नाव थोरल्या पातीचं आणि गादीवर धाकटी पाती! जुन्या गाडीचे मालक नव्याला "गोड आहे" म्हणतात. त्यातली खोच ज्याला कळते, तो महिनाभर त्या कॅफेत फिरकत नाही.

बाहेरच्यांविषयी मात्र दोन्ही पात्यांचं एकमत आहे. दुकातीवाला म्हणजे सतत घाईत असलेला माणूस. त्याला बोलायला वेळ नाही, अर्थात त्याच्यापाशी बोलण्यासारखं काही नाही. बीएमडब्ल्यूचा विषय नाजूक, कारण त्यांच्याकडेही चेनऐवजी शाफ्ट आणि दोन्ही बाजूंना सिलिंडर. त्यावर उत्तर ठरलेलं: "त्यांचे दमून आडवे झालेत. आमचे अजून हात वर करून उभे आहेत."

रविवारची सफर लेक्कोहून बेलाज्जोला, सरोवराच्या कडेकडेने. अंतर वीस-बावीस किलोमीटर. दुकातीवाला ते कॉफी गरम असेपर्यंत संपवतो. गुत्सीवाल्याला अर्धा दिवस लागतो. वाटेत ओन्नोपाशी तो थांबतोच. पलीकडच्या काठावर मांदेल्लो देल लारिओ दिसतं, कारखाना तिथला. पंढरपुरात गर्दी असली म्हणजे वारकरी कळसाचं दर्शन घेऊन समाधान मानतो, तसा हा पाण्यापलीकडे पाहतो. सप्टेंबरातल्या मेळाव्याला मात्र प्रत्यक्ष हजेरी. तेव्हा त्या एवढ्याशा गावात हजारो गुत्सी लोटतात. गुत्सीवाला या मेळाव्यातून दरवर्षी थोडा उदास होऊन परततो. सगळेच सांगणारे, ऐकणारा कुणी नाही!

त्याची खरी कर्मभूमी बेलाज्जोच्या वरच्या अंगाला, घिसाल्लोच्या घाटमाथ्यावर आहे. तिथे मादोन्नाचं छोटं देऊळ आहे. ही देवी 1949 पासून पोपच्या संमतीने सायकलस्वारांची रक्षणकर्ती. त्यामुळे रविवारी तिथे शेकडो सायकलवाले चढ चढून येतात आणि भिंतीला टेकून धापा टाकतात. गुत्सीवाल्याने ही जागा किती विचारपूर्वक निवडली आहे ते पाहा. दम लागलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. मधे प्रश्नही विचारू शकत नाही. आणि तो मान हलवतो ती श्वासासाठी, पण दिसते ती संमती. न्यूटन, गुडघे, जेनोआचं पत्र, सगळं तिथे सांगून होतं. काही सायकलवाले तर म्हणे हल्ली उताराच्या बाजूला उभे राहतात.

मी महाराष्ट्रातला हे कळल्यावर त्याला वाटलं, निदान इथे तरी कोरी पाटी मिळाली. मी म्हटलं, "तशी आपली ओळख जुनीच. तुमची कंपनी 2004 पासून प्याज्जोकडे आहे ना? त्यांचा कारखाना आमच्याकडे बारामतीला आहे. तीनचाकी आपे तिथे होते, 2012 पासून व्हेस्पाही होते." गृहस्थ गंभीर झाले. गरुडाच्या वंशावळीत टमटम निघावी, हे पचायला अवघडच. त्यांनी कॉफी ढवळली, साखर न घालताच. मग खालच्या आवाजात विचारलं, "त्या तीनचाकीला चेन आहे?"

"छे, चेन नाही. मागच्या चाकांना शाफ्टच."

चेहरा उजळला. "मग भावकी लागते," ते म्हणाले आणि शेजारच्या टेबलाला बारामतीविषयी सांगू लागले.

अशा माणसाला फक्त एकदाच गप्प झालेलं पाहिलं. भाच्याने नवी जपानी मोटारसायकल आणली होती आणि मोठ्या मनाने मामाच्या हातात किल्ली दिली. मामा सरोवराला वळसा घालून परत आले. आम्ही खुर्च्या पुढे सरकवल्या.

"कशी आहे?"

"उत्तम. पळते उत्तम, थांबते उत्तम. हादरा नाही, आवाज नाही. खोट काढायला जागा नाही."

"पुढे?"

"पुढे काय? संपलं."

आणि खरोखरच संपलं होतं. ज्या गाडीत काही खटकत नाही, तिच्याविषयी काही सांगता येत नाही. आणि जिच्याविषयी सांगता येत नाही, ती घेऊन कॅफेत यायचं कशाला? बायकोनेही कोड्यातून डोकं वर काढून पाहिलं, इतकी ती शांतता अस्वस्थ करणारी होती. शेवटी मलाच राहवलं नाही. मी त्याच्या व्ही 7 कडे बोट दाखवून विचारलं, "ही अशी उजवीकडेच का झुकते हो?" उत्तर मला पाठ होतं. त्याने हातमोजे काढले.

लोक विचारतात, ही गाडी घ्यावी का? रोज वेळेवर कचेरीत पोचायचं असेल, तर बाजारात याहून वेगवान आणि स्वस्त गाड्या पुष्कळ आहेत. पण पन्नाशीनंतर मुलं ऐकत नाहीत, कचेरीत ज्युनिअर ऐकत नाहीत, अशा वयात नऊ-दहा हजार युरोंमध्ये माणसाला जन्मभर पुरेल एवढा विषय मिळतो. गाडी त्यावर मोफत.