आवणीचा तक्ता

काम लवकर उरकण्याचे दोनच मार्ग आमच्या नियोजकांच्या धंद्यात मान्य आहेत. पैसा ओतून माणसे वाढवायची, याला 'क्रॅशिंग' म्हणतात. एकामागून एक करायची कामे एकदमच सुरू करायची, हे 'फास्ट ट्रॅकिंग'. सर्वांत लोकप्रिय मार्ग तिसरा, म्हणजे तारीखच गुपचूप पुढे सरकवणे. पण त्याला पाठ्यपुस्तकात जागा मिळालेली नाही.

1957 साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचे वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे केली यांनी 'क्रिटिकल पाथ'ची पद्धत बसवली. तेव्हापासून जगभरचे नियोजक भिंतीवर रेघा ओढत आहेत. मीही त्यातलाच. एवढी विद्या अंगात असलेला माणूस ऐन आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, खोडाळ्याच्या मित्राकडे गेल्यावर गप्प कसा बसणार?

ओटीवर बसून मी तक्ता काढला. राबभाजणी, पेरणी, खणणी, चिखलणी, आवणी. मग ऐटीत म्हणालो, "आई, खणणी आणि चिखलणी एकाच वेळी केली तर?"

"मग काय एकेक करत बसतो का आम्ही?" मित्राची आई म्हणाली. "बाया रोपं खणतात तवर पुरुष नांगर धरतात."

फास्ट ट्रॅकिंग निकालात निघाले. मी क्रॅशिंग पुढे केले. माणसे दुप्पट करू! पण आणायची कुठून? सगळ्या पाड्याची आवणी एकाच पावसात. म्हणून इथे सावड चालते. आज सगळे मित्राच्या खाचरात, उद्या शेजाऱ्याच्या. ज्याच्या खाचरात पाणी ठरत नाही, त्याचा नंबर आधी; उतारावरची नागली-वरई मागाहून. बैलांची जोडी एक आणि तिला बोलावणारी घरे चार, त्यामुळे बैलांची तारीख मिळणे आमच्या साहेबांची वेळ मिळण्याहून कठीण. हे सगळे वाटप संध्याकाळच्या चहावर ठरते. आमच्याकडे याच कामासाठी महागडे सॉफ्टवेअर आहे आणि ते चालवायला दोन माणसे. चहा वेगळा.

शेवटचा हुकमी पत्ता म्हणून मी मध्य वैतरणा धरण काढले. "तुमच्याच मोखाडा तालुक्यात आहे. 102.4 मीटर उंच! कोरडसर काँक्रीटचे थर पसरायचे, वरून रोलर फिरवायचा, की लगेच पुढचा थर. म्हणून तर काम झपाट्यानं झालं. 2014 साली पुरं झालं आणि मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी मिळायला लागलं!"

आईंनी शांतपणे ऐकून घेतले. "मुंबईला पाणी लवकर पोचलं, चांगलं झालं. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो, तिचा तक्ता कोण काढतंय?"

या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मी विषय बदलत म्हणालो, "मीपण आवणीला उतरतो. तेवढाच एक माणूस वाढेल."

त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "तू बांधावर उभा राहून रोपांच्या मुठा फेक. लावायला नको येऊस. तुला शिकवायला एक बाई अडकंल आणि तू लावलेलं सरळ करायला दुसरी."

उशीर झालेल्या कामावर नवी माणसे टाकली की ते आणखी लांबते, हे सांगायला संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्सला 1975 साली अख्खे पुस्तक लिहावे लागले. पण ब्रुक्सची सोय वेगळी होती. त्याने माझ्या पोटऱ्या पाहिल्या नव्हत्या.