दोन वाजेपर्यंतचा शेतकरी

सातबारा हा उतारा असतो की आजार, हे ज्याला ठाऊक नाही, तो हल्ली रोज रात्री शेती करतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून २०१६ मध्ये आणला. त्यात आजोबांची जमीन आयती मिळते, वर गावचा मेयर पार्सनिपच्या पंधरा बिया देतो. पाणी रोज घालायचं. एखादा दिवस चुकला तरी पीक मरत नाही, नुसतं वाढायचं थांबतं.

बाल्कनीतल्या तुळशीला ही सवलत नाही.

गेममध्ये रात्रीचे दोन वाजले, की शेतकरी जागच्या जागी कोसळतो. खेळणारा मात्र कोसळत नाही. तो ‘वन पीस’ लावतो. ही अ‍ॅनिमे मालिका ऑक्टोबर १९९९ पासून चालू आहे आणि हजारावा भाग २०२१ मध्येच होऊन गेला. भागाला वीस मिनिटं धरली, तरी हजार भागांचे ३३३ तास होतात. (आईने सांगितलेलं दळण आणायला वीस मिनिटं पुरतात.)

पार्सनिप चार दिवसांत काढणीला आलं. तुळस मंगळवारी वाळली.